यशाचीही चौकशी: एका प्रकल्पप्रमुखाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पहिल्या भेटीला ती अकरा पानांचा अहवाल घेऊन आली. स्पायरल बाइंडिंग केलेला, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेला. "मॅडम, आधी हे वाचा, मग बोलू," असं म्हणून तिनं तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. समुपदेशकाकडे येताना माणसं सहसा कागद आणत नाहीत. आणलेच तर डॉक्टरांचे. हा अहवाल बिघडलेल्या एका कामाचा होता आणि तो तिनंच लिहिला होता.

वय चौतीस. जुन्या संगणक प्रणालीतला डेटा नव्या प्रणालीत हलवणाऱ्या टीमची ती प्रमुख. या कामाला ते लोक मायग्रेशन म्हणतात, मीही तेच म्हणते. प्रकरण तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेलं नाही.

मायग्रेशन नीट झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सोमवारी सकाळी माणसं कामावर येतात, नवा स्क्रीन बघून थोडी कुरकुरतात आणि कामाला लागतात. बिघडलं तरच ते कुणी केलं याची विचारपूस होते. सहा वर्षांत तिनं अशी चार कामं पार पाडली होती. पाचवं फसलं.

कसं फसलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. एका संस्थेच्या भेटींच्या नोंदी हलवायच्या होत्या. जुन्या प्रणालीत तारीख लिहिताना दिवस आधी, महिना नंतर. नवी प्रणाली महिना आधी वाचत होती. 25-04 अशी तारीख आली की नवी प्रणाली ती ओळ नाकारायची, कारण पंचविसावा महिना नसतो. पण 03-04 दोन्हीकडून वाचता येते, त्यामुळे ती बिनतक्रार आत जायची आणि 3 एप्रिलची भेट 4 मार्चला जाऊन बसायची. वर्षात अशा फसव्या तारखा 144. त्यातल्या 1-1, 2-2 अशा बारा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या 132 गुपचूप चुकतात. नाकारलेल्या ओळींतली तारीख उलट करून त्या पुन्हा घालणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, टीममधल्या एकानं लिहिली. ओळी आत गेल्या, दोन्हीकडची एकूण संख्या जुळली आणि रविवारी रात्री पडताळणीच्या कागदावर हिची सही झाली.

सोमवारी सकाळी अकराच्या आत फोन सुरू झाले. सगळं मागं घेऊन जुनी प्रणाली पुन्हा उभी करायला नऊ तास लागले.

अडचण

काम चार दिवसांत पुन्हा नीट झालं. ती मात्र सावरली नाही. रात्री चार तासांवर झोप नाही, पाठवलेली प्रत्येक मेल पुन्हा उघडून बघायची, साध्या बैठकीआधी पोटात गोळा. आठव्या दिवशी तिनं वरिष्ठांना लेखी दिलं की मला प्रमुखपदावरून काढा. त्यांनी सहा आठवडे थांबायला सांगितलं आणि कुणाशी तरी बोल असं सुचवलं. म्हणून ती माझ्याकडे.

नैराश्याची प्राथमिक चाचपणी करणारी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी पहिल्याच दिवशी भरून घेते. तिची बेरीज 27 पैकी 11 आली. 10 ते 14 हा मध्यम तीव्रतेचा टप्पा. जिवाला धोका पोचवण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य होतं. तरीही झोपेसाठी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरायची असं ठरवलं. हे आधी सांगायचं कारण असं की पुढचं सगळं वाचून कुणाला वाटू नये की यशाकडे बघायची नजर बदलली की झालं. नवव्या प्रश्नाचं उत्तर वेगळं असतं तर हे प्रकरण फार वेगळं झालं असतं.

अहवाल वाचून मी बाजूला ठेवला आणि आधीच्या चार कामांबद्दल विचारलं. तिला प्रश्नच अप्रस्तुत वाटला.

"पहिलं? तेव्हा वरिष्ठ चांगले होते. दुसऱ्यात डेटाच लहान होता. तिसरं म्हणजे निव्वळ नशीब. आणि चौथं टीमनं केलं, मी फक्त बैठका घेतल्या."

"आणि पाचवं?"

"ते माझ्यामुळे. मी मुळात यातली नाहीच, मॅडम. आजवर निभावलं, एवढंच."

यशाला चार वेगवेगळे धनी, अपयशाला एकच. अपयशावर अकरा पानं आणि प्रत्येक यशावर एक वाक्य.

आपण घडलेल्या गोष्टींची कारणं कशी लावतो याचा अभ्यास बर्नार्ड वाइनर यांनी तीन प्रश्नांत बसवला आहे: कारण आपल्या आत आहे की बाहेर, ते टिकणारं आहे की तात्पुरतं, आणि ते आपल्या हातात आहे की नाही. तिचं उत्तर दोन्हीकडे अगदी उलटं होतं. यश बाहेरचं, तात्पुरतं, हाताबाहेरचं. अपयश आतलं आणि कायमचं, पण तेही हाताबाहेरचंच, कारण 'मी यातली नाही' यावर करण्यासारखं काही उरत नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांमधल्या या भावनेचं वर्णन केलं होतं: आपण खरे नाही, एक दिवस उघडे पडू. पाचवं काम म्हणजे तिच्या लेखी तो दिवस होता.

माझी त्या वेळची नोंद अशी आहे: 'अपयश मोठं नाही. टेकायला मागं काही नाही.' चार कामं तिनं केली होती, पण त्यातलं एकही तिच्या खात्यात जमा नव्हतं. मग पाचव्याच्या वेळी काढायचं कुठून?

समोरचे पर्याय

पद सोडू देणं हा पहिला पर्याय होता आणि तो वाईट नव्हता. माणसानं झेपेल तेवढंच उचलावं. पण त्या आठवड्यात घेतलेला निर्णय तिनं घेतला नसता, तो त्या सोमवारनं घेतला असता. वरिष्ठांनी सहा आठवडे मागितले होते, तेवढे वापरायचे असं आमचं ठरलं.

दुसरा पर्याय थेट अपयशावर काम करण्याचा. 'सगळं माझ्यामुळे' या विचाराला पुरावे मागायचे, दुसरी कारणं शोधायची. माझ्या कामातली ही रुळलेली वाट आहे. इथं ती चालली नाही, कारण दोष शोधण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज होती. त्या विषयावरच्या एका तासाच्या भेटीनंतर तिच्या अहवालाला बारावं पान जोडलं गेलं. शब्दशः. पुढच्या वेळी ती ते घेऊन आली.

तिसरा पर्याय कौतुकाचा, आणि तिथं मी घसरले. मी तिला आजवर आलेल्या शाबासकीच्या मेल एका फोल्डरमध्ये गोळा करायला सांगितल्या. रोज झोपण्याआधी त्यातली एक वाचायची. हा सल्ला सगळेच देतात, मीही दिला. तिसऱ्या भेटीत तिनं फोल्डर उघडून दाखवलं. 'उत्तम काम! संपूर्ण टीमचे अभिनंदन.' 'नेहमीप्रमाणेच झकास.' सगळ्या मेल दोन ओळींच्या.

"यात मी काय केलं ते कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं. "हे वाचून मला उलट भीती वाटते. यांना अजून कळलेलं नाही, असं वाटतं."

ती बरोबर होती. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या माणसांनी स्वतःविषयीची गोड वाक्यं घोकली तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटू शकतं. मला हे माहीत होतं. तरी तिसऱ्या भेटीपर्यंतचा वेळ त्यात गेला.

कौतुकाचा आणखी एक धोका आहे आणि तो जास्त खोल आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा 1998 चा प्रयोग पाचवीतल्या मुलांवरचा आहे. मुलांनी कोडी सोडवली. काहींना सांगितलं, तू हुशार आहेस; काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यात सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा 'हुशार' ठरवलेल्या मुलांची कामगिरी घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. वर आपले गुण दुसऱ्या मुलाला कळवताना खोटे सांगणारी मुलंही 'हुशार' गटातच जास्त निघाली. यश दोन्ही गटांचं सारखंच होतं. फरक यशाच्या कारणात होता, आणि तो अपयश येईपर्यंत दिसला नाही. तिला 'तू हुशार आहेस' हे पटवून देण्यात मी यशस्वी झाले असते, तर पुढच्या चुकीला ती आणखी जोरात आपटली असती.

चौथा पर्याय तिच्याच कागदांतून आला. तिच्या ऑफिसात प्रत्येक बिघाडाची मूळ कारणापर्यंत चौकशी होते. ठरलेला तक्ता आहे: काय घडलं, केव्हा कळलं, का घडलं, त्यामागचं 'का', त्याच्याही मागचं 'का', आणि पुढं काय करायचं. अकरा पानं त्याच साच्यातली होती. मी विचारलं, हा तक्ता कधी यशासाठी भरलात का? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चालू असलेला दिवा दुरुस्त करायला सांगत होते.

त्या विचाराला आधार होता. श्मुएल एलिस आणि इनबार दाविदी यांनी इस्रायली सैनिकांच्या दिशाशोधनाच्या सरावांवर केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावानंतर एका गटानं फक्त चुकांची उजळणी केली, दुसऱ्यानं चुका आणि जमलेल्या गोष्टी दोन्हींची. पुढच्या सरावांत दुसऱ्या गटाची प्रगती जास्त झाली. म्हणजे यशाची चौकशी ही मनाला फुंकर घालण्याची युक्ती नव्हे, त्यातून माहिती मिळते. आणि माहितीवर या बाईंचा विश्वास होता. कौतुकावर नव्हता.

काय केलं

पहिल्या भेटीतच तिनं सांगितलं होतं की अहोजाहो नको, त्यामुळे चौथ्या भेटीपर्यंत आम्ही एकेरीवर आलो होतो. कोऱ्या तक्त्यावर तिनं वर लिहिलं: 'मायग्रेशन क्र. 3. घटना: काम वेळेत आणि बिनचूक पूर्ण.' मग पेन खाली ठेवलं.

"कारण काय लिहू? नशीबच होतं."

"नशीब कोणत्या दिवशी आलं?"

ती हसली नाही. खरंच आठवायला लागली. "गुरुवारी. दुपारी."

जुन्या तक्त्यात 'स्थिती' नावाचा एक कॉलम होता आणि त्यात 1, 2 आणि 9 एवढेच आकडे. 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद. 9 म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. 9 आहे तसा पुढं न्यावा, ज्यांचा डेटा आहे ते बघून घेतील, असं टीममधल्या दोघांचं मत होतं. तिनं जुन्या प्रोग्रामची फाइल उघडली. वरच्या शेऱ्यात कुणाची तरी आद्याक्षरं होती. ती कुणाची हे विचारत विचारत ती निवृत्त झालेल्या एका गृहस्थांपर्यंत पोचली. गुरुवारी दुपारी त्यांनी फोनवर सांगितलं की 9 चे दोन अर्थ आहेत. जुन्या नोंदींत 9 म्हणजे 'माहिती नाही'. मधल्या एका बदलानंतरच्या नोंदींत 9 म्हणजे 'या व्यक्तीनं संपर्क करू नका असं सांगितलं आहे'. 9 तसाच गेला असता तर नव्या प्रणालीनं पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांना संदेश धाडले असते.

"म्हणजे बघा, ते गृहस्थ फोनवर भेटले हे नशीबच," ती म्हणाली.

"ते भेटले हे नशीब. फोन का केलास?"

"9 चा अर्थ लागत नव्हता."

"बाकीच्यांनाही लागत नव्हता. त्यांनी का नाही केला?"

"त्यांना पुढची कामं होती."

"तुला नव्हती?"

"होती." मग बराच वेळ काही नाही. "मला न कळलेला कॉलम पुढं ढकलता येत नाही, मॅडम. घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं."

तेच वाक्य मी तिला 'मूळ कारण' या कॉलममध्ये लिहायला लावलं. जसंच्या तसं, घशासकट. त्यात 'हुशार' नाही, 'कर्तबगार' नाही. हे तिनं केलेलं काम आहे, ते पुन्हा करता येतं आणि केलं की नाही हे तपासता येतं. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्येच लिहून ठेवलं आहे की 'मला जमेल' या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत स्वतः पार पाडलेली कामगिरी हा असतो. पण ती कामगिरी माणूस स्वतःला कशी समजावून सांगतो यावर तिचा असर ठरतो. श्रेय नशिबाला किंवा दुसऱ्याच्या मदतीला गेलं, की यश येऊनही विश्वास वाढत नाही.

मला वाटलं होतं त्या भेटीचं काम झालं. खरं काम नंतर झालं. ती उठता उठता थांबली, पिशवीतून आपला अहवाल काढला आणि सहावं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, 'रविवार, रात्री 10.40: नाकारलेल्या ओळी शून्य. पडताळणी पूर्ण.'

"तासाभरापूर्वी या ओळी हजारांत होत्या," ती म्हणाली. "शून्य का झाल्या ते मी विचारलंच नाही. मला हायसं वाटलं होतं."

अकरा पानांत हे वाक्य कुठंही नव्हतं. तिथं 'पडताळणीत त्रुटी' असं होतं, आणि त्याखाली तिच्या नालायकीचा धावता हिशेब. आता तिच्या हातात दुसरंच काहीतरी होतं: एरवी न कळलेली गोष्ट मी सोडत नाही, त्या रात्री सोडली. का सोडली, यालाही उत्तर होतं. खऱ्या कामाआधी ते पूर्ण करून बघण्याच्या तीन रंगीत तालमी ठरल्या होत्या, तारीख गाठण्यासाठी वरून त्या एकावर आणल्या गेल्या, आणि ती सलग दोन रात्री जागी होती. 'मी यातली नाही'पासून 'त्या रात्री मी माझी नेहमीची गोष्ट केली नाही'पर्यंत ती माझ्या समजावण्यानं आली नाही. तिसऱ्या कामाचं कारण हाती लागल्यामुळे आली. नेहमीची गोष्ट कोणती हेच ठाऊक नसेल, तर ती राहून गेली हे कळणार कसं?

दोन आडवळणं

दुसऱ्या कामाचा तक्ता भरताना उलटंच निघालं. तिथं रंगीत तालीम झालीच नव्हती. हिनं ती टाळली होती आणि डेटा छोटा व स्वच्छ असल्यामुळे काही बिघडलं नाही. खोदून खोदून विचारलं तरी हाती काही लागेना.

"म्हणजे हे खरंच नशीब होतं," ती म्हणाली.

हा माझ्यासाठी अवघड क्षण होता. तिथंही एखादा गुण शोधून देणं मला सहज जमलं असतं, आणि मोह झालाही. मी गप्प राहिले. खोटं श्रेय एकदा खपवलं की बाकीच्या तीन तक्त्यांवरचा विश्वासही गेला असता, आणि खोटं पकडणं हा तर तिचा पेशा. तिनं तक्त्याला एक नवा कॉलम जोडला: नशीब. दुसऱ्या कामात तो पूर्ण भरला. मग म्हणाली, "निदान चारपैकी एकच." त्या महिन्यात पहिल्यांदा तिच्या बोलण्यात थोडी मिस्किली दिसली.

दुसरं आडवळण माझ्या चुकीचं. सुरुवातीला मी सारखं विचारत होते, 'यात तुझं काय होतं?' सहाव्या आठवड्यात टीमच्या बैठकीत ती बोलून गेली की आजवरची कामं माझ्या हट्टामुळे वाचली. चौथ्या कामात सगळ्या जोडण्या, म्हणजे जुन्या प्रणालीतली कोणती माहिती नव्यात कुठं जाईल ते, लिहिणारा सहकारी तिथंच बसला होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलेलं दिसलं. ती माझ्यावर चिडली, आणि तिचं बरोबर होतं. श्रेय नाकारणाऱ्या माणसाला श्रेय घ्यायला शिकवताना मी लंबक दुसऱ्या टोकाला ढकलला होता.

तिथून आम्ही प्रश्न बदलला. 'कोणामुळे' नाही, 'कशामुळे'. एका अक्षराच्या आसपासचा फरक, पण पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून माणसाचं नाव येतं आणि दुसऱ्याला केलेली गोष्ट. गोष्ट दोघांची असू शकते. चौथ्या कामाचा तक्ता तिनं त्या सहकाऱ्याला सोबत घेऊन पुन्हा भरला. त्यात त्यानं प्रत्येक जोडणी लिहिताना उलट दिशेनंही चालवून बघितली होती असं निघालं, जे प्रमुख असून तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं ते वरिष्ठांना लेखी कळवलं, 'उत्तम काम' असं न म्हणता, नेमकं काय केलं ते सांगून. त्यानंतर दोघांचं बोलणं पूर्ववत झालं, थोडं सावध का होईना.

रोजच्यासाठी एक छोटा सराव दिला. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तपासलेला: रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीपुढं ती कशामुळे घडली हे लिहायचं. त्या अभ्यासात आठवडाभराच्या सरावाचा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसला होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम तितका ठसठशीत नव्हता, हेही मी तिला सांगितलं. तिच्यापासून असं लपवण्यात अर्थ नव्हता. लोक चांगल्या गोष्टींची यादी करतात आणि 'कशामुळे' गाळतात. तिनं नेमकं उलटं केलं. गोष्ट एका शब्दात, 'कशामुळे' चार ओळींत.

पुढं काय झालं

दहाव्या आठवड्यात पीएचक्यू-9 ची बेरीज 5 वर होती. यात झोपेचा वाटा किती, सुट्टीचा किती आणि तक्त्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. सहा आठवड्यांच्या शेवटी तिनं पद सोडण्याचा अर्ज मागं घेतला आणि एक लहान काम मागून घेतलं.

तिच्यातला बदल मला त्या लहान कामात दिसला. तिथंही घोळ झालाच. एक फाइल उशिरा आली, अर्धा दिवस वाया गेला आणि सगळ्यांसमोर तिला त्याचा जाब द्यावा लागला. त्या संध्याकाळी तिनं दोन पानांचं टिपण लिहिलं, पाठवलं आणि झोपली. अकराच्या जागी दोन पानं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: 'फाइल उशिरा येणार याचा अंदाज मंगळवारी आला होता, म्हणून पर्यायी वेळ आधीच मागून ठेवली, अन्यथा पूर्ण दिवस गेला असता.' चुकीच्या अहवालात जमलेल्या गोष्टीची नोंद तिनं पहिल्यांदाच केली होती.

सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या कामाचा इथं संबंध आहे. 1967 मध्ये त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली: काही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव आला की प्राणी प्रयत्न सोडायला शिकतो. 2016 मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे की, आपल्या करण्यानं काहीतरी बदलतं. पन्नास वर्षांनी स्वतःचा सिद्धांत असा फिरवणं हेही फार कमी लोकांना जमतं. ते वाचल्यापासून मी 'खचली का?' हा प्रश्न कमी विचारते. तिच्या चार कामांत तिच्या करण्यानं कितीतरी गोष्टी बदलल्या होत्या, फक्त त्या तिच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

सगळं सुटलं असं नाही. कौतुक ऐकलं की ती आजही विषय बदलते. काम सुरू होण्याच्या आदल्या रात्री झोप नाही ती नाहीच. आणि आठ महिन्यांनी ती प्रमुखपद सोडून दर्जा-तपासणीच्या कामाला गेली. ती म्हणते, मला न कळलेल्या गोष्टींच्या मागं लागायला आवडतं, तर तेच पूर्ण वेळ का करू नये. मला ते पटतं. पण हीच ती माघार, जी पहिल्या महिन्यात घ्यायची राहिली होती, अशी शंकाही मनाच्या कोपऱ्यात आहे. ती मी तिच्याजवळ बोलून दाखवली. "असेलही," ती म्हणाली, "पण या वेळी झोप लागतेय."

आज वेगळं काय केलं असतं

कौतुकाच्या फोल्डरवर वेळ घालवला नसता. पहिल्या भेटीत तक्ता माझ्यासमोर पडलेला होता, मी तो तिचा आजार समजून बाजूला ठेवला. तिचं अवजार तेच होतं.

'कशामुळे' हा प्रश्न पहिल्यापासून विचारला असता. त्या बैठकीत सहकाऱ्याला जे लागलं ते टाळता आलं असतं.

तिच्या वरिष्ठांशी, तिच्या संमतीनं, मी लवकर बोलायला हवं होतं. सर्वांत जास्त खटकतं ते हे. तालमी तीनवरून एकावर वरच्यांनी आणल्या आणि अहवालाखाली सही हिची. कारणं आपल्या आत शोधायला लावणारा कुठलाही उपाय अशा ठिकाणी संस्थेच्या फार सोयीचा ठरतो. माणसाला चिवट करायचं आणि वेळापत्रक होतं तसंच ठेवायचं. आम्ही 'कशामुळे'च्या कॉलममध्ये तालमींची कपात लिहिली खरी, पण ती आमच्या खोलीत लिहिली. मूळ अहवालात ती गेली तिसऱ्या महिन्यात, तेही तिनं स्वतः हट्ट धरला म्हणून.

आणि एक मर्यादा. हा उपाय चालला कारण तिच्यामागे चार खरी कामं होती आणि त्यांची कागदपत्रं होती. ज्याला अजून एकही संधी मिळालेली नाही, त्याला यशाचा तक्ता भरायला देणं हा क्रूरपणा होईल. तिथं आधी लहान, जमण्याजोगं काम हाती द्यावं लागतं.

मागच्या महिन्यात तिनं एका पानाचा फोटो पाठवला. तिच्या जुन्या टीमनं सहावं मायग्रेशन त्या सहकाऱ्याच्या हाताखाली पार पाडलं होतं आणि त्यानं यशाचा तक्ता भरून सगळ्यांना धाडला होता. 'कशामुळे' खाली सात नोंदी, त्यातल्या दोन तर शिकाऊ मुलीच्या कामाच्या. शेवटच्या कॉलममध्ये एकच होती: 'नशीब: जुना सर्व्हर रविवारी रात्री बंद पडला नाही. पुढच्या वेळी पडेल असं धरून चालणे.'